मिस्त्रीचा हमीदार

परोपकार हा शब्द मी या हकिकतीत वापरणार नाही. आमच्या इमारतीला सात मजले आहेत, मी सहाव्यावर राहतो, सासूबाई माझ्याकडे राहतात, आणि सासूबाईंचे दोन्ही गुडघे डॉक्टरांच्या मते आता केवळ नावापुरते उरले आहेत. लिफ्ट इमारतीएवढीच जुनी. तिचे सुटे भाग बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडला. तिचा स्वभाव ओळखणारा माणूस जगात एकच, तो म्हणजे आमचा मिस्त्री. त्याच्या रजेत दुसरे दोघे येऊन गेले. पहिला म्हणाला, "हिच्यावर उपचार नाहीत, हिची सेवा करा." दुसरा आत अडकला, त्याला रजेवरून येऊन मिस्त्रीनेच बाहेर काढलं.

या मिस्त्रीला देशाबाहेर काढण्याची नोटीस आली.

मिस्त्री सीमेपलीकडचा. सात वर्षांपूर्वी आला, आश्रय मागितला, आणि निकाल लागेपर्यंत एकाच लिफ्ट कंपनीत काम करायचं, दुसरीकडे स्क्रूसुद्धा पिळायचा नाही, या अटीवर त्याला तात्पुरता परवाना मिळाला. निकालाला सात वर्षं लागली आणि लागला तो नकाराचा. अपील करता येत होतं, पण त्याला दोन हमीदार लागत. हमीदार गेली पाच वर्षं सलग देशात राहिलेला हवा, एवढीच अट. मिस्त्रीची घरमालकीण तयार झाली होती. दुसरा कोण, यासाठी आमच्या सोसायटीची तातडीची सभा भरली.

आमच्या अध्यक्षांना सगळे 'ठराव' म्हणतात. पाण्याची टाकी भरली तरी ते ठराव मांडतात. त्यांनी मिस्त्रीच्या गुणांवर वीस मिनिटं भाषण केलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग हमीदार कोण होणार असं विचारताच सगळे आपापल्या चपलांकडे बघू लागले. एकाचं मुलीच्या लग्नाचं चाललं होतं, एकाची तब्येत सहीला साथ देत नव्हती. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी, ज्यांचे धाकटे दीर परराष्ट्र खात्यात शिपाई आहेत आणि म्हणून त्या स्वतः जवळजवळ परराष्ट्रमंत्री आहेत, त्यांनी सल्ला दिला, "लग्न लावून द्या त्याचं इथल्या मुलीशी. प्रश्नच मिटला."

"कोणाच्या मुलीशी?" ठरावांनी विचारलं. ज्यांना मुली होत्या ते उठून पाणी प्यायला गेले.

मिस्त्री दाराशी हत्यारांची पिशवी धरून उभा होता. कोणीतरी त्याला विचारलं, "पण तिकडे परत गेलास तर काय होईल? आपलाच देश आहे ना?"

"यादीत नाव आहे माझं," तो म्हणाला. "माझ्या खाली भावाचं होतं. त्याला एक दिवस चौकशीला बोलावलं. पाच मिनिटांचं काम आहे म्हणाले. आठ वर्षं झाली."

मग वहिनी हळूच म्हणाल्या, "आणि लिफ्ट?"

त्या क्षणी मी हात वर केला. मी सोसायटीचा सेक्रेटरी आणि शाळेत भूगोलाचा शिक्षक. सीमा हा माझा धंदाच आहे. रोज पाच वेळा खडूने काढतो आणि पाच वेळा पुसतो. वाटलं, एका सहीचं काम आहे. माझ्या आयुष्यातली सगळी मोठी संकटं याच वाक्याने सुरू झाली आहेत, लग्न धरून. (हे कंसातलं ही वाचणार नाही, तिला माझं लेखन आवडत नाही.)

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून मी आणि मिस्त्री परदेशी नागरिक कार्यालयात गेलो. खिडकी क्रमांक नऊ. आतल्या बाईंनी माझा पासपोर्ट घेतला, बराच वेळ संगणकाकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा संगणकाकडे. माणूस आणि संगणक यांत निवड करायची वेळ आली की सरकारी नोकर कोणाकडे कलतो, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

"सर, तुम्ही देशात नाही आहात."

"बाई, मी तुमच्यासमोर उभा आहे."

"ते दिसतंय मला. पण तुम्ही सहा वर्षांपूर्वी देशाबाहेर गेलात ते आलाच नाहीत."

"मी गेलोच नव्हतो!"

"शिक्का आहे," असं म्हणून त्यांनी माझाच पासपोर्ट माझ्यासमोर धरला. निर्गमनाचा जांभळा शिक्का होता. आगमनाचा नव्हता.

इथे मला एक गोष्ट सांगणं भाग आहे. ती मी सहा वर्षं घराबाहेर कोणालाही सांगितली नव्हती. भूगोल शिक्षकांच्या एका आंतरराष्ट्रीय परिषदेचं मला आमंत्रण आलं होतं. शाळेने निरोप समारंभ केला. मुख्याध्यापकांनी 'सातासमुद्रापार' हा शब्द अकरा वेळा वापरला. मी विमानतळावर गेलो, शिक्का मारून घेतला, आत बसलो. सात तासांनी कळलं की विमानही जाणार नाही आणि परिषदही भरणार नाही. सामानाच्या पट्ट्याशेजारच्या एका बाजूच्या दाराने आम्हाला बाहेर काढलं. परतीचा शिक्का मारायला तिथे कोणी नव्हतं आणि मागण्याचं भान मला नव्हतं.

हार गळ्यात घालून घेतलेला माणूस दुसऱ्याच दिवशी शाळेत कसा जाणार? मी आठ दिवस पडदे ओढून घरात बसलो. नवव्या दिवशी बॅग घेऊन खाली उतरलो आणि टॅक्सीने परत आलो. सगळ्या मजल्यांवर चॉकलेटं वाटली. शाळेत सात वर्गांपुढे 'मी पाहिलेला परदेश' या विषयावर बोललो. चांगलं बोललो. एका मुलाने त्यावरून भूगोल घेतला.

"मग आता मी काय करू?" मी खिडकी नऊला विचारलं.

"देशात नसाल तर हमीदार होता येत नाही. आणि नोंद न करता परत आला असाल," बाईंचा आवाज एकदम सहानुभूतीचा झाला, "तर खिडकी अकरा."

खिडकी अकरा म्हणजे ज्यांचं इथे असणं सरकारला मान्य नाही, त्यांची खिडकी. मिस्त्री दर आठवड्याला तिथे हजेरी लावायचा. त्याने माझा दंड धरला आणि घरच्या कार्याला पाहुण्याला बसवावं तसं मला रांगेत उभं केलं.

"सर, खांबाच्या या बाजूला थांबा. त्या बाजूला उन्हं येतात. नंबर पुकारला की लगेच 'हो' म्हणायचं, दोनदा पुकारत नाहीत. आणि काही झालं तरी आवाज चढवायचा नाही."

"मी या देशाचा नागरिक आहे!" मी आवाज चढवून म्हणालो.

पुढच्या बाईंनी मागे वळून माझ्याकडे कौतुकाने पाहिलं. "नवीन का?"

"नवीन," मिस्त्रीने माझ्या वतीने सांगितलं.

तीन तासांनी खिडकी अकराने नियम वाचून दाखवला. पाच वर्षांत कधीही तीस दिवसांपेक्षा मोठा खंड पडला नाही, असा पुरावा हवा. पुरावा त्या त्या दिवशी लिहिलेला, वेळ घातलेला, दुसऱ्या माणसाची सही असलेला हवा. शेजाऱ्यांनी आता दिलेले जबाब चालणार नाहीत. मी ताठ मानेने म्हणालो, "शाळेचं हजेरीपत्रक आहे."

"उन्हाळ्याची सुट्टी किती?"

"पंचेचाळीस दिवस."

"मग दर उन्हाळ्यात तुम्ही कुठे होतात?"

घरी होतो. पंख्याखाली होतो. पण पंखा सही करत नाही. सुनावणी नऊ दिवसांवर आली होती.

संध्याकाळी पुन्हा सभा भरली आणि मला सगळ्यांसमोर कबुली द्यावी लागली. माझ्या प्रतिष्ठेचा तो अंत्यविधी होता आणि गर्दीही तशीच जमली होती. मी परदेशी गेलोच नव्हतो हे ऐकून ठराव उभेच राहिले. "पण तुम्ही तिकडच्या रस्त्यांबद्दल सांगितलं होतंत! इतके स्वच्छ, की चपला काढून चालावंसं वाटतं म्हणून!"

"नकाशात बघून सांगितलं."

"नकाशात स्वच्छता दिसते?"

"आणि ती चॉकलेटं?" वहिनींनी विचारलं.

"कोपऱ्यावरच्या दुकानातली."

"तरी मी म्हटलं, वेष्टनावर आपल्याच गावाचा पत्ता कसा!" वहिनी म्हणाल्या. "यांनी मला गप्प केलं. म्हणाले, जागतिकीकरण आहे."

अपमान गिळून मी पुराव्याचं विचारलं. सल्ल्यांना तोटा नव्हता. कोणी म्हणालं दंतवैद्याकडे जा, दातांचे फोटो असतील. कोणी म्हणालं वाचनालयात जा. मी गेलो. सहा वर्षांत मी चार पुस्तकं नेली होती आणि चारही परत केली नव्हती. पुरावा मिळाला नाहीच, उलट घरात शोधाशोध सुरू झाली. सातव्या मजल्यावरच्या आजोबांनी तर खास मला बोलावून सांगितलं, "तुम्ही एकदा खरंच बाहेर जाऊन या."

"जाऊ कसा? मी आधीच बाहेर आहे."

"हं," आजोबा म्हणाले, "म्हणजे निम्मं काम झालंय."

सासूबाई हे सगळं सहाव्या मजल्यावरून ऐकत होत्या. त्यांना बातम्या दुधाबरोबर पोहोचतात. त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही सुट्टीत घरी असता हे सगळ्यात जास्त कोणाला ठाऊक? त्या लिफ्टच्या वहीला. शाळा बंद झाली की तुमचं सगळं तोंड तिथेच सुटतं."

लिफ्टच्या तळमजल्यावरच्या दाराशेजारी एक तक्रारवही टांगलेली असते. लिफ्ट निरीक्षकाचा तसा नियम आहे. पानांना छापील क्रमांक, तक्रारीची तारीख आणि वेळ, तक्रारदाराची सही, खाली मिस्त्रीचा शेरा आणि त्याची सही, महिनाअखेरीस निरीक्षकाचा शिक्का. भरलेल्या वह्या सोसायटीच्या ऑफिसच्या कपाटात असतात. मी आणि मिस्त्रीने त्या बाहेर काढल्या. सहा वर्षांत दोनशे एकोणीस तक्रारी माझ्या होत्या. उन्हाळ्यात तर दर तीन दिवसांनी एक. खिडकी अकराने मागितला होता तसाच, अगदी त्याच साच्यातला पुरावा होता. मी आनंदाने मिस्त्रीला मिठी मारणार इतक्यात त्याने एक पान उघडून मोठ्याने वाचलं.

"'लिफ्ट तिसऱ्या व चौथ्या मजल्यांच्या मध्ये पस्तीस मिनिटे अडकली. आत मी व माझ्या सासूबाई. या काळात झालेल्या संभाषणाची जबाबदारी कोण घेणार?'"

खाली मिस्त्रीचा शेरा होता: 'दरवाजाचा खटका बदलला. संभाषण देखभालीच्या करारात येत नाही.'

मी पुढचं पान उलटलं आणि उलटल्याचा पश्चात्ताप झाला. 'मिस्त्री कामचुकार आहे.' 'मिस्त्रीला लिफ्ट व पाळणा यांतला फरक शिकवावा.' 'सदर इसमाच्या हाती शिडीसुद्धा देऊ नये.' माझं अक्षर सुंदर आहे, त्यामुळे प्रत्येक शब्द लांबूनही लागत होता. आणि तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात, भर दुपारी, दोन्ही हातांत कलिंगडं घेऊन सहा जिने चढल्यावर मी लिहिलं होतं: 'या माणसाला जिथून आला तिथे परत पाठवावे.'

त्या वाक्याखाली मिस्त्रीने लिहिलं होतं: 'मोटरचा पट्टा बसवला. परत पाठवण्याबाबत वरच्या कार्यालयाशी बोलावे.'

"मिस्त्री," मी म्हणालो, "हे मी कलिंगडांमुळे लिहिलं."

"ठाऊक आहे सर. एक जिन्यात फुटलं होतं. मीच पुसलं."

"हे पान फाडू या."

"पानांना नंबर आहेत. एक पान कमी दिसलं की सगळी वही खोटी ठरते." त्याने वही बंद केली आणि माझ्या हातात दिली. "तुम्ही देशात होता हे पटायला हवं असेल तर वही द्यावी लागणार. आणि वही दिली की मी कसला माणूस आहे हे तुमच्याच हातचं. काय करायचं ते तुम्ही सांगा."

"तू सांग."

त्याने पाना पिशवीत टाकला. "हमीदारच नसला तर सुनावणी पाच मिनिटांत संपते," तो म्हणाला. "वही वाचायला निदान तासभर तरी लागेल."

सुनावणीला मी कोट घातला होता. सुनावणी अधिकारी म्हणजे साठीच्या आसपासच्या, चष्मा दोरीला बांधलेल्या एक बाई. त्यांच्या टेबलावर आमच्या सोसायटीने पाठवलेलं शिफारसपत्र होतं. ठरावांनी लिहिलेलं, मिस्त्रीला 'माणुसकीचा दीपस्तंभ' म्हणणारं. त्यांनी ते दोन बोटांनी उचलून बाजूला ठेवलं.

"या महिन्यातला हा एकविसावा दीपस्तंभ," त्या म्हणाल्या. "वह्या द्या."

त्यांनी वाचायला सुरुवात केली, आणि दुर्दैवाने मोठ्याने. लघुलेखक टाइप करत होता. कलिंगडाच्या पानाशी आल्यावर त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हे तुमचं अक्षर?"

"हो."

"आणि आज तुम्ही याच माणसाची हमी देताय."

"हो."

"मत कधी बदललं?"

शपथ घेतलेली होती. मी म्हणालो, "कामाबद्दलचं मत अजून तेच आहे, बाई. लिफ्ट दर चार दिवसांनी बंद पडते. फक्त ती चालू करायला हा दर वेळी आलाय. एकदा ताप असताना आला, तेव्हाही मी लिहिलं की उशीर झाला."

मिस्त्रीने डोळे मिटून घेतले होते. त्या पुन्हा वाचू लागल्या, पण आता मनातल्या मनात, आणि मधूनच त्यांचे खांदे हलायचे. तासाभराने त्यांनी शेवटची वही मिटली.

"पहिली गोष्ट. हमीदार सलग देशात होता, हे सिद्ध होतं. इतक्या चिकाटीने कोणी परदेशातून तक्रार करत नाही. दुसरी गोष्ट. हा माणूस इथे रुजलाय का, एवढंच मला बघायचं असतं. स्तुती लोक कोणाचीही करतात. सहा वर्षं रोजचं भांडण आणि रोजची दुरुस्ती, हे परक्या माणसाशी होत नाही." त्यांनी शिक्का उचलला. "अपील मान्य. खुला परवाना. हमीदाराला विचार बदलायचा असेल तर चौदा दिवसांत अर्ज करता येतो. तोवर निकाल कायम धरला जात नाही."

मिस्त्री बाहेर येऊन पायरीवर बसला. मीही शेजारी बसलो. कोट मळला.

त्या संध्याकाळी तळमजल्यावर पेढ्यांचे बॉक्स फुटले. ठरावांनी अभिनंदनाचा ठराव मांडला, तो टाळ्यांत मंजूर झाला. मग मिस्त्री पुढे आला. त्याला बोलायची सवय नाही. त्याने सगळ्यांचे आभार मानले आणि म्हणाला, "खुला परवाना आहे, म्हणजे आता एकाच कंपनीत राहायची सक्ती नाही. शहरातल्या नवीन इस्पितळात जागा आहे. चौदा लिफ्ट आहेत, सगळ्या नव्या. एक तारखेपासून बोलावलंय."

पेढा तोंडात असताना तोंड पडलं तर माणूस कसा दिसतो, हे मी एकाच वेळी तीस चेहऱ्यांवर पाहिलं.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या घरी रीघ लागली. जो सभेत चपलांकडे बघत होता तो सहा मजले चढून आला. सगळ्यांचं म्हणणं एकच होतं, फक्त प्रत्येकाने ते वेगवेगळ्या बाजूने आणलं. हमी मागे घ्या, थोडेच दिवस. अपील पुन्हा लोंबकळत पडेल, पुन्हा तात्पुरता परवाना होईल, पुन्हा तीच कंपनी, पुन्हा तीच लिफ्ट.

"आणि पुन्हा नोटीस आली तर?" मी विचारलं.

"मग आपण पुन्हा हमी देऊ की!" ठराव म्हणाले. "आपण काही त्याच्या वाईटावर नाही." त्यांनी अर्ज आणूनच ठेवला होता. भरलेला. फक्त सहीची जागा रिकामी.

वहिनींनी सासूबाईंना मध्ये घेतलं. "काकू, तुम्हीच सांगा जावयांना. तुमचंच अडणार ना सगळं?"

सासूबाई खिडकीशी वाटाणे सोलत होत्या. "माझे गुडघे माझ्या बापाने दिलेत, त्या मिस्त्रीने नाही," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "का हो, तुम्ही त्याला सोडवायला गेला होतात की बांधून आणायला?"

पण खोटं कशाला सांगू, चौदाव्या दिवशी मी अर्जावर सही केली. एक तारीख दोन दिवसांवर होती, लिफ्ट सकाळीच बंद पडली होती, मिस्त्री इस्पितळाची कागदपत्रं करायला गेला होता, आणि भाजीची पिशवी घेऊन ही चौथ्या मजल्यावर बसून राहिली होती. ठरावांनी मला टॅक्सीत घालून दिलं आणि दार स्वतः लावलं.

कार्यालयाच्या अलीकडच्या चौकात मी टॅक्सी सोडली. तिथे एका बागेच्या कठड्यावर बसलो. समोर घड्याळ होतं. तीन वाजले, मग साडेतीन. रस्त्यापलीकडे खिडकी अकराची रांग दारातून बाहेर फुटपाथवर आली होती. खांबाच्या उन्हाच्या बाजूला एक नवा माणूस उभा होता, कोणी त्याला अजून सांगितलं नव्हतं. मी रस्ता ओलांडून गेलो, त्याला म्हटलं, "या बाजूला उभे राहा. नंबर पुकारला की लगेच 'हो' म्हणा." त्याने मला विचारलं, "तुम्ही किती वर्षं येताय?" मी म्हणालो, "नवीनच आहे." परत येऊन कठड्यावर बसलो. पाचला खिडक्या बंद झाल्या. मग मी उठलो आणि अर्जाचे चार तुकडे केले. चार म्हणजे चारच, कारण कागद जाड होता.

इमारतीत सगळे तळमजल्यावर वाट पाहत होते. मी पोहोचताच ठरावांनी विचारलं, "झालं काम?"

"खिडकी चारलाच बंद केली," मी म्हणालो. "खूप विनवलं. ऐकेनात."

मग जो काही गदारोळ झाला! वहिनींनी दिराला फोन लावला. ठरावांनी निषेधाचा ठराव मांडला, त्याला सातव्या मजल्यावरच्या आजोबांनी जिन्यातूनच अनुमोदन दिलं. हे असलं सरकार, हे असले नोकर, चारला खिडकी बंद करतात म्हणजे काय, लोकांनी जावं कुठे! मीही चार शब्द बोललो, जरा जोरातच बोललो, आणि जिना चढायला लागलो. तिसऱ्या मजल्यापर्यंत खालच्या शिव्या स्पष्ट ऐकू येत होत्या. इतकी वर्षं मी त्या कार्यालयाला नावं ठेवत आलोय. त्याचा काडीचाही दोष नसलेला तेवढा एकच दिवस.